कारवानीचं पिल्लू आणि गावची ढोरं-बकऱ्या: पहिल्या दीड वर्षात काय काय करायचं

आपल्या इकडे विदर्भात आता बरेच जण शेताच्या राखणीसाठी कारवानी, मुधोळ, पश्मी अशी शिकारी जातीची पिल्लं आणायला लागले आहेत. कारण सगळ्यांना माहीत आहे, रानडुकरं आणि रोही (नीलगाय) एका रात्रीत तूर-सोयाबीन लोळवतात आणि माणूस रोज जागल करून किती करणार. पण पिल्लू देणारा एक गोष्ट सांगत नाही. हे कुत्रं नाकापेक्षा डोळ्याने शिकार करणारं आहे, पिढ्यानपिढ्या ससा-हरणामागे पळण्यासाठीच वाढवलेलं, त्यामुळे त्याच्या नजरेसमोर काही पळालं की त्याचे पाय आधी सुटतात आणि डोकं नंतर चालतं, मग पुढे ससा असो की शेजाऱ्याच्या बकरीचं पिल्लू.

मी पहिलं कारवानी आणलं तेव्हा मलाही कोणी सांगितलं नव्हतं. नाव राजा, नऊ महिन्याचा, घरात एकदम गरीब, पोरं त्याच्या अंगावर लोळायची. फेब्रुवारीत कापूस वेचून झाला की पऱ्हाटीत बकऱ्या चरायला सोडतात तशा सोडल्या होत्या, मी पट्टा काढला आणि मोबाईलवर बोलत धुऱ्यावरून चाललो होतो, एक पिल्लू कळपाच्या मागे राहिलं आणि आईकडे पळत सुटलं, बस तेवढंच. मी पोहोचेपर्यंत संपलं होतं. ज्या म्हातारीची बकरी होती तिच्याकडे त्या वर्षीची ती एकच पाठ, म्हणजे मादी पिल्लू, होती. पैसे दिले, तिने घेतले, पण ती रडत होती ते पैशासाठी नव्हतं. घरी येऊन मी राजाला काठीने मारलं आणि ती माझी दुसरी चूक, पहिलीपेक्षा मोठी, कारण त्यानंतर तो माझ्या हाकेला यायचाच बंद झाला, बकऱ्यांमागे जायचा मात्र बंद नाही झाला.

तेव्हा गावच्या म्हाताऱ्या ढोरक्याने मला जे सांगितलं त्यावरच हा सगळा लेख उभा आहे. "त्याले मारून का होते बाबू, तो तं तुले भेते, बकरीले थोडीच भेते. त्याले रोज बकऱ्यायपाशी नेऊन बसव, कंटाळा येऊ दे त्याले." म्हणजे कुत्र्याला बकरीची भीती घालायची नाही, बकरी ही रोजची, बिनकामाची, बघायच्याही लायकीची नसलेली गोष्ट वाटली पाहिजे. आणि ते होईपर्यंत त्याला एकदाही, परत सांगतो एकदाही, पाठलागाची संधी मिळता कामा नये. गावात म्हणतात रक्ताची चटक लागली की कुत्रं गेलं. माझ्या मते चटक रक्ताची नाही, पळवण्याची असते. समोरचं जनावर पळतंय आणि आपण मागे आहोत यातच त्याला सगळं बक्षीस मिळून जातं, तुमच्या हातातला तुकडा त्यापुढे काहीच नाही. म्हणून पाठलाग झाल्यावर सुधारण्यापेक्षा होऊच न देणं सोपं पडतं.

आधी कायद्याचं

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नाही, पाठलाग करणं, हाकणं, सापळा लावणं आणि तसा प्रयत्न करणंही शिकारीतच धरलं आहे. ससा, चितळ, रोही, रानडुक्कर सगळे संरक्षित. म्हणजे कुत्रं शेतात बसून भुंकतंय, आवाजाने जनावर फिरकत नाही, ही झाली राखण. आणि कुत्री घेऊन रानात जायचं आणि सोडायची, हा गुन्हा आहे, त्याचे व्हिडिओ टाकणारे पोट्टे स्वतःच पुरावा देतात. पिकाची नुकसानभरपाई वनविभागाकडे मागता येते, अर्ज लगेच करायचा. मी या जातीचं कुत्रं राखणीसाठी आणि जीव लावायसाठी ठेवा असंच सांगेन. आणि ज्याला कुत्रं शिकारीलाच लावायचंय त्याला ते ढोरात स्थिर करताच येणार नाही, कारण सकाळी रोहीमागे पळ आणि संध्याकाळी वासरामागे पळू नको हा फरक त्याला कसा कळेल?

पिल्लू निवडताना

आठ आठवड्याच्या आत आईपासून तोडलेलं घेऊ नका. शक्य असेल तर आई बघा, आणि तिच्या जवळून बकरी किंवा कोंबडी गेली तर ती काय करते ते बघा. ज्या घरी ढोरं आहेत तिथलं पिल्लू घेतलं तर अर्धं काम झालेलं असतं कारण त्याने डोळे उघडल्यापासून शेणाचा वास आणि हंबरणं ऐकलेलं असतं. दोन पिल्लं एकदम आणू नका. दोघं एकमेकांना चढवतात, एकटा जो विचार करून थांबेल तो दुसऱ्याच्या मागे नक्की धावतो.

लसीचं आधी डॉक्टरला विचारून ठेवा. पार्वो-डिस्टेंपरची लस सहा ते आठ आठवड्यापासून सुरू होते आणि चार महिन्याचं होईपर्यंत तीन-चार आठवड्याच्या अंतराने डोस असतात, रेबीजची तीन महिन्याला आणि मग डॉक्टर सांगेल तशी दरवर्षी.

दोन ते चार महिने: कडेवरचं शिक्षण

पिल्लाचं मन तीन आठवड्यापासून तीन-साडेतीन महिन्यापर्यंत सगळ्यात जास्त उघडं असतं, या वयात जे रोज बघतो ते त्याला आयुष्यभर नेहमीचं वाटतं. आणि नेमकं याच वेळी लस पूर्ण झालेली नसते. म्हणून जमिनीवर सोडायचं नाही, कडेवर घ्यायचं. सकाळी दूध काढताना पिल्लाला घेऊन कोठ्याच्या दाराशी बसा, दहा मिनिटं पुरे. गाय शेपटी हलवते, म्हैस फुसफुसते, वासरू उड्या मारतं, हे सगळं बघत पिल्लू तुमच्या मांडीवर झोपलं तर त्यापेक्षा चांगलं ट्रेनिंग नाही. कोंबड्या डालीखाली झाकलेल्या असताना पाच-सहा हातांवर बसवा. एखाद्या गरीब म्हाताऱ्या गाईला पिल्लाचा वास घेऊ द्या, पण पिल्लू घाबरून मागे सरकत असेल तर जबरदस्तीने पुढे ढकलू नका. घाबरलेलं पिल्लू मोठेपणी भुंकत अंगावर जातं.

एक काळजी. वासरू असलेल्या गाईजवळ नेऊच नका, आपली असली तरी. गवळाऊ गाई तशाही चपळ, आणि व्यालेली गाय कुत्रं बघून माणसालाही उडवते.

तीन ते पाच महिने: घरच्या अंगणातले चार शब्द

ढोरांत नेण्याआधी अंगणात चार गोष्टी पक्क्या हव्यात: नाव घेतलं की बघणं, "ये", "थांब" आणि "सोड". शब्द कोणतेही ठेवा पण घरातल्या सगळ्यांनी तेच वापरायचे, आई म्हणते "इकडे ये", पोरगं म्हणतं "कम कम", बाप शिट्टी मारतो, मग पिल्लाने काय समजायचं.

तुकडे वाटाण्याएवढे करा, उकडलेलं अंडं, उकडलेलं काळीज असं काहीतरी जे त्याला एरवी ताटात मिळत नाही. भाकर-ताक तर तो रोजच खातो, त्यासाठी तो बकरी सोडणार नाही. कांदा-लसूण घातलेलं मटण देऊ नका, कुत्र्याला ते बाधतं. दिवसातून दोन वेळा, पाच ते दहा मिनिटं, त्याच्या वर नाही.

"ये" या शब्दाला जपा. तो शब्द वापरून बोलावलं आणि मग रागावलात, किंवा बोलावून लगेच साखळीला बांधलंत, तर तो शब्द मेला. राजाच्या बाबतीत मी नेमकं हेच केलं होतं. बोलावल्यावर तो आला की नेहमी काहीतरी चांगलं, आणि दहापैकी नऊ वेळा परत खेळायला सोडायचं.

पाच ते आठ महिने: लांब दोरी

सगळा जीव या पायरीत आहे म्हणून जरा निवांत सांगतो.

दहा मीटरची दोरी घ्या, सुताची किंवा मऊ नायलॉनची, बैलाच्या कासऱ्यापेक्षा हलकी. गळ्यातल्या पट्ट्याला लावू नका, छातीच्या हार्नेसला लावा. ही कुत्री काही उड्यांतच पूर्ण वेग पकडतात आणि दोरी संपल्यावर झटका मानेला बसला तर मानेची इजा होऊ शकते. शिवाय यांचं डोकं मानेपेक्षा बारीक, साधा पट्टा कानावरून सटकून निघतो. दोरीच्या टोकाला फास ठेवू नका, साधी गाठ मारा, आणि हाताला गुंडाळून तर कधीच धरू नका, बोटं जातील. मी हातमोजे घालतो.

वेळ सकाळची. आपल्या उन्हाळ्यात साडेसातच्या पुढे नको, आणि नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर ट्रेनिंग बंदच ठेवलं तरी चालेल. पातळ चामडीचं कुत्रं आहे, लवकर तापतं. जीभ लांब लोंबली, डोळे लाल, पाय लटपटले की लगेच सावली आणि पोटावर, मांडीत साधं पाणी ओतायचं आणि डॉक्टरकडे.

आता करायचं काय. गावाबाहेर ई-क्लासवर, म्हणजे चराईच्या सरकारी जमिनीवर, ढोरं चरतात तिथे जा, ढोरक्याला आधी विचारा, त्याला सांगा काय करतोय ते, त्याची ढोरं आहेत. पहिल्या दिवशी साठ-सत्तर पावलांवर उभे राहा. पिल्लू ढोरांकडे बघेल. बघू द्या. तुम्ही काही बोलू नका, ओढू नका. काही सेकंदांनी तो तुमच्याकडे वळून बघेल, मान वळली की लगेच "शाब्बास" आणि तुकडा. परत बघेल, परत वळेल, परत तुकडा. पाच-सात वेळा झालं की घरी. एवढंच पहिल्या आठवड्याचं काम आणि लोकांना ते काम वाटतच नाही म्हणून घाई करतात.

जर तो वळून बघतच नसेल, तुकडा नाकाशी धरला तरी खात नसेल, तर तुम्ही फार जवळ आहात. मागे जा. वीस पावलं, चाळीस पावलं, पांदणीपर्यंत जावं लागलं तरी जा. तुकडा खातो का नाही हे तुमचं मीटर आहे.

आणि अंग वाचायला शिका. कान पुढे, तोंड मिटलेलं, शेपटी ताठ, एक पाय उचललेला, सगळं अंग दगडासारखं, नजर एकाच जनावरावर. हे दिसलं की तुमच्याकडे एक-दोन सेकंद आहेत. त्याच क्षणी नाव घेऊन उलट दिशेने चालायला लागा, दोरी हळू ओढत, आणि वळला की बक्षीस. पळाल्यावर ओरडण्यात काही अर्थ नाही, पळायला लागल्यावर त्याला तुमचा आवाज पोहोचत नाही. उलट तोंड उघडं, शेपटी सैल, जमीन हुंगतोय, बसून खाजवतोय, असं असेल तर तो निवांत आहे, दहा पावलं पुढे सरका.

असं दर दोन-चार दिवसांनी थोडं थोडं पुढे. सरळ कळपाकडे चालू नका, कळपाला समांतर चाला. माझ्या आताच्या कुत्रीला साठ पावलांवरून दहा पावलांवर यायला सात आठवडे लागले आणि मध्ये दोनदा परत मागे जावं लागलं.

ढोरांनी तुमच्याकडे धाव घेतली तर दोरी सोडून द्या. हे लक्षात ठेवा. गाय कुत्र्यामागे येते, तुमच्यामागे नाही, आणि कुत्रं तिच्यापेक्षा वेगात पळून जाईल, तुम्ही नाही जाऊ शकत.

हलणारी ढोरं, मग बकऱ्या, मग कोंबड्या

उभ्या ढोरांत शांत बसणारं पिल्लू पळत्या ढोरांत वेगळंच कुत्रं असतं. त्यासाठी दिवेलागणीला गावात ढोरं परततात ती वेळ उत्तम. धूळ, घंटा, हंबरणं, वासरांची पळापळ, सगळं एकदम. रस्त्यापासून लांब एखाद्या ओट्यावर कुत्र्याला घेऊन बसा, दोरी पायाखाली दाबून, आणि ढोरं जाईपर्यंत अधूनमधून तुकडा देत राहा. पंधरा दिवस रोज. शेवटी शेवटी तो ढोरांकडे न बघता तुमच्या खिशाकडे बघायला लागेल.

बकऱ्या ढोरांपेक्षा अवघड आणि कोंबड्या सगळ्यात अवघड. बकरीचं पिल्लू उड्या मारतं, ओरडतं, आकाराने सशाएवढं, आणि या कुत्र्याच्या डोळ्याला तेच दिसतं. म्हणून आधी मोठ्या शांत बकऱ्या, मग पिल्लं जाळीच्या आत आणि कुत्रं बाहेर, मग सगळं मोकळं पण दोरी हातात. कोंबडी फडफडली की माझी बायको कुत्रीला लगेच खाली बसवते आणि कुत्री तिचं माझ्यापेक्षा जास्त ऐकतात, कारण तिचा आवाज कधी चढत नाही. मेंढ्यांचे कळप घेऊन बाहेरून येणारे लोक हिवाळ्यात गावाशेजारी उतरतात, त्यांच्या कळपाजवळ नवीन कुत्रं अजिबात नेऊ नका, त्यांची राखणीची कुत्री तुमच्या पिल्लाला फाडतील आणि चूक त्यांची नसेल.

जुन्या उपायांबद्दल

मेलेली कोंबडी गळ्यात बांधायची, हे गावोगावी सांगतात. मी बांधलेलं कुत्रं पाहिलंय, तीन दिवस वास मारत फिरलं आणि चौथ्या दिवशी दुसरी कोंबडी उचलली. त्याला गळ्यातल्या घाणीचा आणि पळत्या कोंबडीचा संबंध लागतच नाही. मारक्या बोकडाबरोबर कोंडायचं हेही सांगतात, त्यात डोळा जाऊ शकतो आणि वाचलेलं कुत्रं एकतर भित्रं होतं नाहीतर जास्त चिडकं. लोढणं बांधलं तर वेग कमी होतो हे खरं, पण पाय मार खातात आणि लोढणं काढल्यावर कुत्रं तेच करतं. करंट देणारे पट्टे ऑनलाईन मिळतात, ते नकोच, गाईकडे बघताना शॉक बसला तर गाय म्हणजे दुखणं असं त्याच्या डोक्यात बसतं आणि मग ते गाईवरच धावून जाऊ शकतं.

आणि दिवसभर साखळी हा उपाय नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आखूड किंवा जड साखळीला फार वेळ बांधणं आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणं, दोन्ही गुन्हा मानतो. कायदा बाजूला ठेवला तरी ज्याला सकाळ-संध्याकाळ पळायला मिळत नाही ते कुत्रं सुटल्या दिवशी सगळा हिशोब बकरीवर काढतं. चांगलं कुंपण असलेल्या वाडीत रोज अर्धा तास मोकळं पळू द्या.

आठ महिने ते दीड वर्ष

या वयात सगळं विसरल्यासारखं होतं. सात महिन्याला सोन्यासारखं वागणारं पिल्लू दहाव्या महिन्यात ढोरं बघून थरथरायला लागतं. घाबरू नका, वय आहे. दोन पायऱ्या मागे जा, अंतर वाढवा. बहुतेक लोक नेमकं इथे "आता शिकला" म्हणून दोरी काढतात आणि बहुतेक बकऱ्या इथेच मरतात, राजाही नऊ महिन्याचाच होता.

दोरी हातातून सोडायची ती अशी: आधी जमिनीवर ओढत राहू द्या, तुम्ही टोकापासून दोन पावलांवर. महिनाभर एकदाही दोरीवर पाय द्यावा लागला नाही तर अर्धी कापा. मग अजून अर्धी. पूर्ण मोकळं सोडायची पहिली वेळ येईल तेव्हा तोंडाला मुसकं घाला, जाळीचं, ज्यात जीभ बाहेर काढून धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. डवऱ्याच्या बैलाला आपण मुसकं घालतोच ना, त्यात बैलाचा अपमान नाही तसा कुत्र्याचाही नाही. पण मुसक्याची सवय घरी आठ-दहा दिवस आधी लावा, आत तुकडा ठेवून स्वतःहून तोंड घालू द्या. सोबत दुसरा माणूस असू द्या, कळपाच्या पलीकडच्या बाजूला.

सुटलाच मागे तर त्याच्यामागे पळू नका, त्याला वाटतं तुम्हीही शिकारीला आलात. उलट दिशेने पळा, ओळखीची शिट्टी मारा. परत आला की, कितीही राग आला तरी, मारू नका. गप दोरी लावा, घरी जा. दुसऱ्या दिवसापासून तीन आठवडे मागची पायरी. कोणाचं जनावर जखमी झालं असेल तर त्याच दिवशी स्वतः जाऊन सांगा, डॉक्टर बोलवा, पैसे द्या. लपवलंत तर पुढच्या वेळी गाव तुमच्या कुत्र्याला विष घालेल.

वार, मेलेली ढोरं आणि जंत

ढोर व्यालं की वार आणि गाभडलेलं वासरू कुत्र्याच्या तोंडाला लागू देऊ नका, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. सांसर्गिक गर्भपात, म्हणजे ब्रुसेलोसिस, असला तर कुत्रं ती घाण सगळ्या गावात ओढत फिरतं आणि तो रोग माणसालाही होतो. बकरी कापल्यावर काळीज-फुप्फुस कच्चं टाकायची सवय असते तीही बंद करा, त्यातल्या गाठीतून कुत्र्याला बारीक पट्टकृमी होतात आणि त्याच्या विष्ठेतून परत बकरीला आणि आपल्या पोरांना. दर तीन महिन्यांनी जंताचं औषध, डॉक्टरला सांगून प्राझिक्वांटेल असलेलं.

रात्री राखणीला

दीड वर्षाआधी शेतात एकटं ठेवू नका. चंद्रपूर, गडचिरोली, मेळघाट या बाजूला तर बिबट्यासाठी बाहेर बांधलेलं कुत्रं म्हणजे वाढून ठेवलेलं ताट. रात्री ते तुमच्याजवळ, मचाणाखाली जाळीच्या बंद खोपीत असू द्या, तिथून भुंकलं तरी डुकरं लांब जातात, राखणीला त्याचा आवाज पुरतो.

माझी आताची कुत्री सहा वर्षांची आहे. बकऱ्या तिच्या अंगावरून उडी मारून जातात आणि ती डोळा उघडत नाही. तरी आमच्याकडे बकरी व्याली की पहिला आठवडाभर तिला दोरी लागते, आणि त्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं ती आणि मी कोठ्याच्या दाराशी बसतो, पहिल्या वर्षी बसायचो तसेच.